डब्यातल्या रुपयाचा भाव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी घराची साफसफाई निघाली आणि गिरणीवाल्या आप्पांच्या मायच्या पेटीतून एक पितळी डबा सापडला. रविवारी सकाळी आप्पा तो डबा घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी पेपर पसरला, त्यांनी डबा त्यावर पालथा केला. पंधरा नाणी. काळी, हिरवट, पिवळी, दोन-तीन चकचकीत.

"यान्हा कितला येतीन, भाऊ?"

प्रश्न विचारतानाच त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात एक बाई सांगत होती, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो रुपये घेऊन जा. आप्पांच्या ढिगात ते नाणं होतंच. 2012 साल टाकलेलं, वैष्णोदेवी संस्थानाच्या रौप्यमहोत्सवाचं. अशी स्मारक नाणी टांकसाळी काही कमी पाडत नाहीत. गिरणीच्या गल्ल्यात शोधलं तर अजून एखादं निघेल, असं मी म्हटलं. आप्पांचा चेहरा पडला.

गेली वीसेक वर्षं मी नाणी जमवतोय, आणि नवीन माणसाची गाडी पहिल्यांदा याच खड्ड्यात अडकते हे पाहतोय: जुनं म्हणजे महाग. तसं असतं तर सातवाहनांच्या काळातली नाणी फक्त करोडपतींकडे दिसली असती. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर स्वतःचा ठसा मारलेला. एका राजाचा चेहरा आणि त्यावर दुसऱ्याचा शिक्का, इतका धडधडीत इतिहास दुसऱ्या कशात मिळणार? पण हजारोंच्या संख्येने निघालेली वस्तू एकोणीसशे वर्षांची असली तरी दुर्मीळ होत नाही. उलट 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया शंभरीसुद्धा गाठलेला नाही, आणि तो खरा निघाला तर संग्राहक रांग लावतात, कारण त्या सालचे रुपये लोकांच्या हातात फारसे पोचलेच नाहीत. म्हणून 1938 च्या रुपयातला आठ कोरून नऊ करणारे कारागीरही आहेत.

भाव तीन गोष्टींवर ठरतो. तसली नाणी किती उरली, ती हवी असणारे किती, आणि आपल्या हातातलं नाणं कोणत्या अवस्थेत आहे. वय या हिशोबात मागच्या दाराने येतं.

आधी आप्पांचे चांदीचे रुपये वेगळे काढले. सहा निघाले. त्यातले पाच घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात तेच राणीछाप, राजाछाप. जुनी माणसं यांना 'कलदार' म्हणतात. कल म्हणजे यंत्र. 1835 च्या आधी प्रत्येक संस्थानाचा, प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा असायचा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ वजन आणि कस बघून थोडी रक्कम कापायचा. त्या कपातीला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो इथूनच आला. 1835 मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलखाला एकच यंत्रावर पाडलेला रुपया दिला: वजन एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, बारा भागांतले अकरा भाग चांदी. हेच माप पुढे शंभर वर्षं टिकलं.

हा आकडा पाठ करा, कारण सगळी पारख इथून सुरू होते. 11.66 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. त्याला आजच्या चांदीच्या भावाने गुणलं की रुपयाचा तळभाव निघतो. बाजारात दिसणारे बहुतेक व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे रुपये या तळभावाच्या थोडेच वर विकले जातात. वरचा पैसा मिळतो तो सालाला, टांकसाळीला आणि नाणं किती कोरं राहिलंय त्याला.

आप्पांच्या एका रुपयावर 1862 होतं. "दीडशे वर्षांवरचा!" ते म्हणाले. खरं आहे, पण 1862 साल टाकलेले रुपये पुढे दहा-बारा वर्षं तेच साल ठेवून पाडले गेले. नाण्यावरचं साल आणि नाणं पडल्याचं साल एकच असतं असं नाही. त्यामुळे ते ढिगाने आहेत, आणि संग्राहक त्यावरचे बारीक ठिपके मोजत बसतात, कारण नेमकं कोणत्या वर्षीचं ते ठिपक्यांवरून लागतं. भिंगाशिवाय हा छंद होत नाही तो यासाठी. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळवाले वापरतात तसलं भिंग पुरे.

दुसरा 1904 चा, सातव्या एडवर्डचा. हा राजा रुपयावर मुकुटाशिवाय आहे, म्हणून लोक त्याला टकल्या राजा म्हणतात. एडवर्ड गेल्यावर पाचवा जॉर्ज आला आणि 1911 मध्ये एक गंमत झाली. त्याच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड उठली की लोकांना ते डुक्कर वाटलं. आरडाओरडा झाला, रुपया मागे घेतला गेला आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट काढली गेली. 1911 चा रुपया तेव्हापासून संग्राहकांचा लाडका. आप्पांनी लगेच आपला तिसरा रुपया, पाचवा जॉर्ज, भिंगाखाली धरला. साल 1918. सोंड लांब.

चौथा, व्हिक्टोरियाचाच पण 'एम्प्रेस' लिहिलेला. 1877 पासून राणीची सम्राज्ञी झाली, तिथून पुढचा. सहाव्याकडे मी मुद्दाम नंतर वळणार होतो.

पाचवा रुपया मी तळहातावर झेलला आणि आप्पांच्या हातात दिला. "हलका वाटतो?" वजन तेच होतं, पण रंग थोडा पिवळसर-करडा. साल 1944. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली, तुटवडा पडला, आणि 1940 पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली. दिसायला तसाच रुपया, वर सहावा जॉर्ज, पण वितळवणाऱ्याच्या लेखी अर्धा. सराफाकडे मोडीत देताना 'रुपया म्हणजे रुपया' म्हणून एकाच भावात घातला तर सराफ फसतो, आणि चांगला 1918 चा 1944 च्या भावात गेला तर तुम्ही. 1947 चा रुपया तर निकेलचा, मागे वाघ. घरातलं लोहचुंबक जवळ नेलं तर तो टचकन चिकटतो. चांदी चिकटत नाही. पण 'चिकटलं नाही म्हणजे चांदीच' असंही नाही, कारण पितळही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही नाही.

मग खरं-खोटं कळतं कसं? पूर्वी सराफ नाणं दगडावर आपटून घ्यायचे आणि आवाज ऐकायचे. 'खणखणीत नाणं' हा शब्द त्याच दुकानातला. आपण आपटू नये, कड जखमी होते. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारा. चांदीचा पाडलेला रुपया लांब, गोड वाजतो. साच्यात ओतलेला खोटा 'ठक्' करून गप्प बसतो.

माझा भरवसा मात्र पाण्यावर आहे. हे मी आप्पांना करूनच दाखवलं, आणि तुम्ही घरी करू शकता. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा लागतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. काट्यावर पाण्याने भरलेला प्याला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही, हातानेच लटकतं ठेवायचं. नाण्यावर बुडबुडा चिकटला असेल तर हलवून काढायचा. आता काटा जो आकडा दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते.

टकल्या राजाचं कोरडं वजन भरलं 11.58, थोडा झिजलेला. पाण्यात काटा म्हणाला 1.12. भागाकार 10.3. अकरा-बारांश चांदीची घनता एवढीच असते. 1944 चा घेतला तर पाण्यातला आकडा 1.2 च्या वर गेला आणि भागाकार साडेनऊच्या आसपास आला, अर्ध्या चांदीला शोभेल असा.

मग मी कपाटातून माझा रुपया काढला. 1835 चा, विल्यम राजाचा. पहिल्या वर्षी एका यात्रेत घेतला होता. विकणारा म्हणाला, "साहेब, घरातला आहे, पोराची फी भरायची आहे." मी घासाघीस केली नाही, वर दोनशे रुपये जास्त दिले. कोरडं वजन 11.2. पाण्यात 1.29. आप्पांनी मोबाईलवर भागाकार केला: 8.68. चांदी नाहीच, तांब्या-निकेलचं काहीतरी. भिंगाखाली अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेला साच्याची एक बारीक रेघ. पाडलेल्या नाण्यावर ही रेघ येऊ शकत नाही. तो रुपया मी अजून ठेवलाय. नवीन कोणी आलं की खरा कसा दिसतो त्याआधी मी हा दाखवतो.

एक गोष्ट मात्र माझी मीच बिघडवली, तिथे कोणा विकणाऱ्याचा दोष नाही. आजीने दिलेला एम्प्रेस व्हिक्टोरियाचा रुपया काळाभोर होता. मी चिंच आणि राख घेऊन बसलो आणि तासाभरात आरशासारखा केला. पुढे एका जाणत्या संग्राहकाला अभिमानाने दाखवला तर त्यांनी नुसता उन्हात तिरपा धरला. हजारो बारीक ओरखडे चमकले. चांदीवर शंभर वर्षांत चढलेला काळसर-निळा रंग त्या नाण्याची कातडीच असते. संग्राहक तोच रंग शोधतो, कारण त्यावरून नाणं कोणी घासलेलं नाही हे कळतं. लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, सोनाराचं तेजाब, सगळं वर्ज्य. फारच माती असेल तर साधं पाणी, मग मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. तांब्याच्या नाण्यावर भुकटीसारखी फिकट हिरवी बुरशी दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून आधी वेगळं करा. ती पसरते.

ठेवायचं कशात, हेही इथेच सांगतो. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाही, ते काही वर्षांत चिकट हिरवा थर सोडतं. पुठ्ठ्याच्या चौकटीत पारदर्शक खिडकी असते ते होल्डर स्वस्त आहेत. आणि नाणं नेहमी कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट नाही.

आता आप्पांच्या डब्यातला सहावा रुपया. जाडजूड, वेडावाकडा गोल, वर फारसी अक्षरं, आणि डोक्यावर चांदीची कडी डागलेली. माळेतला होता. सातपुड्याकडच्या बाजारांत असे रुपये ओवलेले हार अजून दिसतात. हा हाताने पाडलेला. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, हातोडा बसेल तिथे बसायचा, म्हणून अशा नाण्यावर नाव अर्धंच येतं. नवीन माणसाला वाटतं नाणं तुटकं आहे. तसं नसतं, ते असंच जन्मतं. फारसी वाचणाऱ्या मित्राला फोटो पाठवला, त्याने एका बाजूला शाह आलम आणि दुसऱ्या बाजूला 'चांदोर' वाचलं. म्हणजे होळकरांच्या चांदवडचा. टांकसाळीचं पूर्ण नाव नाण्यावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं येतं. चांदवड खानदेशच्या उंबरठ्यावरच, आणि चांदवडी रुपया हे नाव आपल्या जुन्या माणसांच्या कानावरून गेलेलं.

आप्पांना प्रश्न पडला तो सगळ्यांनाच पडतो: होळकरांच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव कशाला? कारण रुपया चालतो तो भरवशावर. लोक ज्या नावाच्या रुपयाला ओळखत होते त्याच नावाने मराठी सरदारांनी रुपये पाडले, आणि ओळख म्हणून आपली खूण टाकली. कुठे अंकुश, कुठे सूर्य, महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान. म्हणून बादशहाच्या नावावरून नाणं कुठलं ते ठरवू नका. टांकसाळीचं नाव आणि खूण शोधा. बऱ्हाणपूरला मोगलांची टांकसाळ होती, तिथले रुपये आपल्या खानदेशात पुष्कळ निघतात. त्यांच्यावरचं हिजरी साल वाचायला फारसी शिकायला नको, दहा आकडे शिकले की झालं. शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच कोन उलटा. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवले की इसवी सन जवळपास येतं. 1111 हिजरी म्हणजे साधारण 1699-1700, औरंगजेब दक्षिणेत असतानाचं.

याच मुलखाचं एक नाणं मला एकदा तरी डोळ्यांनी बघायचंय. अकबराने असीरगड घेतला आणि खानदेशचं फारुकी राज्य संपलं, त्या 1601 च्या विजयाची सोन्याची मोहोर. त्यावर ससाणा आहे, पंख मिटून बसलेला. आपल्या डब्यात ती सापडणार नाही. कोणी स्वस्तात विकायला आणली तर हात जोडून निरोप द्या.

कडीमुळे चांदवडीचा संग्राहकी भाव बराच पडला. कडी काढली तर डाग राहतो आणि भाव आणखी पडतो. मी आप्पांना म्हटलं, आहे तसा ठेवा. माळ कोणाची होती ते मायला विचारून चिठ्ठीवर लिहा आणि डब्यात टाका.

तांब्यात एक शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. आप्पांनी ती कपाळाला लावली. इथे मला सांभाळून बोलावं लागतं. शिवराई महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 ला, सुरू केली. पण त्याच नावाने ती पेशवाईभर आणि पुढेही पडत राहिली. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही उशिराची, आणि बाजारात जास्त तीच दिसते. आप्पांची दुदांडीच होती. महाराजांच्या काळची शिवराई जाड, अक्षरं भरीव, आणि ती विकत घ्यायची तर जाणत्याच्या सोबतीने. सोन्याचा होन मात्र नवशिक्याने घ्यायच्या यादीतच ठेवू नये. खोटे होन खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात.

उरलेल्यात भोकाचे दोन पैसे होते. 1943 ते 1947 मधले, युद्धात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलेले. स्वस्त आणि मजेदार, मुलांना या छंदात ओढायला याच्याइतकं चांगलं नाणं नाही. वीस पैशाचं पिवळं, कमळवालं एक होतं. त्यात सोनं आहे या समजुतीने लोकांनी ती वितळवली. सोनं नव्हतं, निकेल-पितळ होतं.

राहता राहिलं एक जाड पितळी नाणं. मारुती उडतोय, खाली 'ईस्ट इंडिया कंपनी', साल 1818. आप्पांचा सगळा भरवसा याच्यावर होता. कंपनीने मारुतीचं, राम दरबाराचं असलं नाणं कधी पाडलं नाही. ही यात्रेतल्या दुकानांची कल्पना. तांदूळ ओढतं, अंगात वीज आहे, असल्या गोष्टी सांगून अशीच नाणी हजारो-लाखोंना विकतात, आणि फसलेला लाजेने बोलत नाही.

व्हिडिओवाल्या बाईचा नंबरही आप्पांनी मला दाखवला. तिकडून 'आधी नोंदणीची रक्कम भरा' असा निरोप आला होता. मी म्हटलं, इथेच थांबा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँक पडत नाही, कमिशन किंवा शुल्क मागत नाही, हे बँकेने 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. घेणारा खरा असेल तर तो पैसे देतो, मागत नाही.

आणि शेतात नांगराला हंडा लागला तर? आपल्याकडे हा प्रश्न थट्टेचा नाही. तो हंडा लगेच आपला होत नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवता सराफाकडे वितळवलेल्या हंड्यातून काय इतिहास गेला असेल याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. जोगळटेंभीची नाणी भट्टीत गेली असती तर सातकर्णीने नहपानाला हरवल्याचा इतका ठोस पुरावा आपल्या हातात आला नसता.

सुरुवात करायचीच असेल तर पाकीट रिकामं करावं लागत नाही. खिशातली नाणी घ्या. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट दिसली तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच वर्षाचा एकच रुपया चारही टांकसाळींचा मिळवून दाखवा, वाटतं तितकं सोपं नाही. मग 1985 चा रुपया शोधा, सालाजवळ 'एच' असलेला. तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला हीटनच्या टांकसाळीत पडला होता. नजर एवढी तयार झाली की चांदीकडे वळा, आणि सवड काढून नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत एक दिवस घालवा. तिथे खरी नाणी काचेआड का होईना, डोळे भरून बघता येतात, आणि खोट्याची ओळख पटायला खरं पुष्कळ बघावं लागतं.

आप्पांनी सगळी नाणी परत डब्यात भरली. मारुतीचं तेवढं पेपरवरच राहिलं. "ठेवा तुमनाकडेच, भाऊ, खोटं दाखाडाले कामा येई," म्हणाले आणि गेले. मी ते माझ्या विल्यम राजाशेजारी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दारात उभे.

"माय चिडी गयी, भाऊ. देव्हारामातला मारुती कोठे शे, इचारी राहिनी."